दृढरोमांची साक्ष

कृमि हा शब्द आपल्या भाषेंत कोणी फारशा मानानें उच्चारीत नाहीं. पोटांतला जंत, किडक्या आंब्यांतली अळी, पावसाळ्यांत अंगणांत निघणारें गांडूळ या सर्वांना आपण सारख्याच तुच्छतेनें त्या एका शब्दांत कोंबतों. हे प्राणी परस्परांचे कोणी लागतात किंवा नाहीं याची आपणांस फिकीर नसते. अळी ही पुढें माशी किंवा पांखरूं व्हावयाची असते, जंताचें कूळ निराळें, गांडुळाचें त्याहून निराळें. परंतु ही गल्लत केवळ अडाणी लोकच करतात असें मात्र नव्हे. युरोपांतील मोठमोठ्या सृष्टिशास्त्रज्ञांनीं या शब्दाखालीं असेंच मिश्र धान्य भरून ठेविलें होतें, आणि तें निवडतां निवडतां त्यांच्या शिष्य-प्रशिष्यांचीं अडीचशें वर्षें गेलीं. त्या धान्यांतले जे दाणे सर्वांत बारीक व निवडावयास सर्वांत कठीण ठरले, त्या समुद्रांतील केसाळ कृमींची हकीकत येथें सांगावयाची आहे.

ओहोटीच्या वेळीं कोंकणांतल्या एखाद्या खाडीच्या तोंडाशीं ओंजळभर चिखल घ्यावा व तो बारीक चाळणींत समुद्राच्याच पाण्यानें धुवावा. चाळणीच्या तळाशीं दोऱ्याच्या तुकड्यांसारखें कांहीं वळवळत राहतें. त्यांपैकीं थोडे बोटभर लांब असतात, पुष्कळसे नखाएवढे, आणि कांहीं तर तांदळाच्या कणीहूनहि लहान. भिंगाखालीं धरले म्हणजे दिसतें कीं शरीर गांडुळासारखेंच वलयांचें आहे. परंतु प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखा एक एक मांसल अवयव आहे व त्यांतून चकचकीत केसांचे झुबके बाहेर आले आहेत. त्या अवयवाला शास्त्रीय परिभाषेंत पार्श्वपाद म्हणतात व त्या केसांना दृढरोम. केस म्हटलें तरी ते आपल्या केसांसारखे नव्हत. झुरळाच्या कवचांत जें कायटिन असतें त्याच द्रव्याचे ते बनलेले असतात. कातडींतल्या एका पेशीच्या टोंकाशीं अतिसूक्ष्म बोटांसारखे उंचवटे असतात. त्यांच्याभोंवतीं हें द्रव्य, सोऱ्यांतून शेव उतरावी त्याप्रमाणें, थोडें थोडें बाहेर सरतें, आणि त्या उंचवट्यांची मांडणी बदलत जाईल तसा रोमाला आकार येतो. कोठें सरळ सुई, कोठें दांतेरी विळा, कोठें आंकडा, कोठें सांध्यावर हलणारें पातें. मद्यार्कांत ठेवलेल्या कृमीचा रंग उडतो, अंग आकसतें, डोक्यावरच्या नाजूक मिशा गळून पडतात. दृढरोम मात्र शंभर वर्षांनींहि जवळजवळ जसाचा तसा सांपडतो. म्हणून कृमींच्या खटल्यांत हाच सर्वांत भरंवशाचा साक्षीदार मानला गेला. या साक्षीदाराची एकच पंचाईत आहे. तो हजर असेल तर खरें बोलतो. परंतु तो हजर नसेल तर त्याच्या गैरहजेरीचा अर्थ काय लावावा हें ठरविणें कठीण, आणि या विद्येच्या इतिहासांतल्या बहुतेक मोठ्या चुका त्या गैरहजेरींतूनच निघाल्या आहेत असें आमचें मत आहे.

१७५८ सालीं लिनिअसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ति निघाली. तींत त्यानें प्राण्यांचे सहा वर्ग केले: सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि शेवटीं ‘व्हर्मीस’ म्हणजे कृमि. पहिल्या पांचांत जें बसलें नाहीं तें सहाव्यांत गेलें. त्यामुळें गोगलगाई, शिंपले, पोंवळीं, तारामासे आणि जंत हे सर्व एका वाड्यांत राहावयास आले. केसाळ कृमींची तर तेथें ताटातूटच झाली. चिखलांत फिरणारी ‘निरीस’ व पाठीवर दाट लव असलेली ‘ॲफ्रोडाइटा’ यांना नग्न, मृदु शरीराच्या प्राण्यांत जागा मिळाली. दगडावर चुन्याची नळी बांधून राहणारी ‘सर्प्युला’ शंखशिंपल्यांच्या ओळींत बसली, कारण तिच्याभोंवतीं चुना होता. आणि किनाऱ्याच्या वाळूंत बिळें करणारा मोठा कृमि गांडुळासह पोटांतल्या जंतांच्या शेजारीं जाऊन पडला. एकाच कुळांतल्या तीन भावांपैकीं एकाची जात त्याच्या उघड्या अंगावरून, दुसऱ्याची त्याच्या घराच्या भिंतींवरून आणि तिसऱ्याची त्याच्या लांबट देहावरून ठरविण्यासारखें हें झालें. तथापि लिनिअसला हंसणें बरें नव्हे. त्यानें प्रत्येकाला दोन शब्दांचें एक स्थिर नांव दिलें, आणि तें नसतें तर पुढच्यांना चूक दाखवावयासहि जागा राहिली नसती. चिखलांतल्या प्राण्याला सौंदर्यदेवतेचें नांव देण्याची त्याची रसिकताहि पुढच्यांनीं मनापासून उचलली.

भाऊ पुन्हा एकत्र आणण्याचें काम पॅरिसमध्यें झालें. क्युव्हिएनें पाहिलें कीं या कृमींचें रक्त लाल आहे, आणि ‘लाल रक्ताचे कृमि’ म्हणून त्यानें ते वेगळे काढले. खूण मोठी सोयीची, पण अपुरी. नळींत राहणाऱ्या कित्येक जातींचें रक्त हिरवें असतें. लामार्कनें १८०२ मध्यें त्यांना ‘ॲनेलिड’, म्हणजे वलयी प्राणी, हें नांव दिलें, आणि आज जगांतल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत तें चालतें. १८१८ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत त्यानें यांपैकीं एका ठिकाणीं बसून राहणाऱ्यांचा ‘सेडेंटेरिया’ म्हणजे बैठा असा एक गट केला. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याच सुमारास लामार्कची दृष्टि गेली व उरलेल्या खंडांसाठीं त्याला आपल्या मुलीच्या व सहकाऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून राहावें लागलें.

परंतु डोळ्यांची याहून दारुण कथा दुसऱ्या एका माणसाची आहे, आणि ती सांगितल्यावांचून या विषयाचा इतिहास पुरा होत नाहीं. मारी ज्यूल सेझार साविन्यी हा १७७७ सालीं प्रोव्हँ या गांवीं जन्मला. त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ व्हावयाचें होतें. १७९८ सालीं नेपोलियन ईजिप्तवर निघाला तेव्हां तोफांबरोबर पंडितांचाहि एक तांडा घेऊन गेला. त्यांत एकवीस वर्षांचा साविन्यी होता. त्याच्या वांट्याला पाठीचा कणा नसलेले प्राणी आले, म्हणजे जें दुसऱ्या कोणाला नको होतें तें. भूमध्य समुद्राच्या व तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर त्यानें गोळा केलेला संग्रह घेऊन तो पॅरिसला परतला आणि पुढचीं पंधरा वर्षें एका खोलींत बसून तो संग्रह उलगडीत राहिला. १८१६ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं फुलपांखराची गुंडाळलेली सोंड आणि भुंगेऱ्याचे चावणारे जबडे हे मुळांत तेच अवयव आहेत, फक्त निराळ्या कामाला लागलेले. ही दृष्टि त्यानें मग कृमींकडे वळविली.

तोंपर्यंत लोक कृमीकडे दुरून पाहात असत. साविन्यीनें त्याचा एकेक पार्श्वपाद पाहिला. वरचें वल्हें कोणतें, खालचें कोणतें, कोणत्या वलयावर ते एकत्र झाले आहेत, कोणत्या रोमाचें टोंक अणकुचीदार आहे व कोणत्याचें आंकड्यासारखें, हें त्यानें जातीजातींगणिक टिपलें आणि त्यावर कृमींचे चार गण बांधले. निरीसच्या जातीचे, सर्प्युलाच्या जातीचे, गांडुळें, आणि दृढरोम नसलेल्या जळवा. जळवेच्या अंगावर एकहि रोम नाहीं, तरीहि त्यानें तिला घराबाहेर काढलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. साक्षीदार गैरहजर आहे एवढ्यावरून त्यानें निकाल दिला नाहीं. नांवें देतांना त्यानें ग्रीक पुराणांतल्या राजकन्या आणि अप्सरा बोलाविल्या. हेझिओनी, लिसिडिसी, इनोनी हीं नांवें अजून चालूं आहेत. हा प्रबंध ईजिप्तवरील सरकारी महाग्रंथांत १८२० सालाच्या तारखेनें छापला गेला. परंतु १८१७ पासून त्याच्या डोळ्यांना विकार जडला होता, आणि १८२४ नंतर त्याचें काम कायमचें थांबलें. हें साधें अंधत्व नव्हतें. त्याला प्रकाश सोसत नसे म्हणून तो अंधारांत राही, आणि त्या अंधारांत मिटल्या डोळ्यांपुढें झगझगीत ज्वाळा, रंग आणि आकृति अहोरात्र नाचत राहत. १८३८ सालीं त्यानें या आभासांचेंहि वर्णन, एखाद्या नव्या जातीचें करावें तितक्या बारकाईनें, शास्त्रपरिषदेकडे धाडलें. १८५१ सालीं तो वारला. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षें त्यानें अशीं काढलीं.

ईजिप्तच्या ग्रंथासाठीं त्यानें काढवून घेतलेलीं चित्रें तयार होतीं, पण त्यांवरचा मजकूर लिहावयाचा राहिला होता. तें काम सरकारनें व्हिक्तोर ओदुअँ या तरुण शास्त्रज्ञाकडे दिलें. हाच ओदुअँ आपला मित्र आंरी मिल्न-एडवर्ड्स याच्यासह नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळच्या शोझे नांवाच्या खडकाळ बेटांवर जाऊन राहिला. तेथें भरती-ओहोटीचें अंतर फार मोठें, त्यामुळें समुद्राचा तळ दिवसांतून दोनदां उघडा पडे. या दोघांनीं कृमि बरण्यांत नव्हे तर त्यांच्या घरांत पाहिले, आणि त्यांना सर्वांत ठळक दिसलें तें त्यांचें राहणें. कांहीं भटके, जबडे उघडून शिकार करणारे. कांहीं नळींत बसून डोक्यावरचा तुरा पाण्यांत फुलवून अन्नकण टिपणारे. १८३२ ते १८३४ च्या सुमारास त्यांनीं भटक्यांचा ‘इरँशिया’ म्हणून गट केला. लामार्कच्या ‘सेडेंटेरिया’शीं त्याची जोडी जमली आणि भटके व बैठे ही विभागणी पुढें सुमारें दीडशें वर्षें चालली. विद्यार्थ्यांना ती फार आवडे, कारण ती एका वाक्यांत पाठ होई. पण भटक्यांत गणलेल्या ‘डायोपॅट्रा’ची नळी शिंपल्यांचे तुकडे लावून शृंगारलेली असते व ती नळी सोडून ती सहसा हिंडत नाहीं. उपजीविकेवरून कुळी ठरविण्याचा हा प्रकार आहे अशी शंका जाणत्यांना तेव्हांपासूनच येऊं लागली होती.

१८५० सालीं जर्मन शास्त्रज्ञ ग्रूब यानें सर्वांना एक नवें नांव दिलें. ज्यांना पुष्कळ दृढरोम ते ‘पॉलिकीटा’, ज्यांना थोडे ते ‘ऑलिगोकीटा’. गांडूळ दुसऱ्यांत गेलें.

आतां हे कृमि ओळखतात कसे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, नाहीं तर पुढचे घोटाळे ध्यानांत यावयाचे नाहींत. जिवंत कृमीला मॅग्नेशियम क्लोराइडाच्या द्रावणांत सुस्त करतात; एकदम मद्यार्कांत टाकला तर तो आंखडतो किंवा स्वतःचेच तुकडे करून घेतो. मग फॉर्मलिनांत घट्ट करून मद्यार्कांत ठेवतात. पाहातांना प्रथम डोकें: डोळे किती, मिशा किती. निरीसच्या कुळांत घशाची सोंड बाहेर उलटते. तिच्यावर दोन काळे जबडे आणि अतिसूक्ष्म दांत असतात. किनबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८६५ सालीं या सोंडेचे आठ प्रांत पाडले, आणि कोणत्या प्रांतांत किती दांत, कोणत्या आकाराचे, यावरून जात ठरते. कृमीनें मरतांना सोंड आंत ओढून घेतली असेल तर ती चिरून पाहावी लागते. नंतर अंगाच्या पुढच्या, मधल्या व मागच्या भागांतून एकेक पार्श्वपाद कापून ग्लिसरिनाच्या थेंबांत कांचेखालीं ठेवतात, कारण रोमांचे आकार वलयागणिक बदलतात. मधला एकच पाय पाहून नांव देणारा माणूस पुस्तकाचें मधलें एक पान वाचून परीक्षण लिहिणाऱ्याच्या जातीचा. ज्यांची सगळी लांबी तीन चार मिलिमीटर आहे अशा कृमींच्या बाबतींत या कामाला किती वेळ लागत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

इतकें करूनहि माणूस फसतो. ‘हेटेरोनिरीस’ नांवाची एक प्रजाति १८४३ सालीं स्थापन झाली. डोळे मोठाले, शरीराचा पुढचा भाग साध्या निरीससारखा, पण मागच्या भागाचे पार्श्वपाद पंख्यासारखे पसरलेले व त्यांतले रोम वल्ह्यांच्या पात्यांसारखे चपटे. दृढरोमांच्या साक्षीप्रमाणें ही प्रजाति निराळी, यांत संशय नव्हता. पण १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत कळून आलें कीं हा कोणी नवा प्राणी नाहीं. बिळांत राहणारी नेहमींची निरीसच प्रजननाच्या वेळीं जुने रोम टाकून नवे घालते, डोळे मोठे करते आणि जन्माचें बीळ सोडून पाण्यावर पोहूं लागते. लहान सिलिड कुळांत तर याहून गंमत झाली. ‘ऑटोलायटस’ या नांवाच्या इवल्याशा कृमीच्या शेंपटाशीं नवे कृमि फुटतात व सुटून जातात. त्यांतले नर निराळ्या चेहऱ्याचे, मिशा फांटे फुटलेल्या. माद्या पोटाशीं अंड्यांची थैली घेऊन हिंडणाऱ्या. शास्त्रज्ञांनीं नराला ‘पॉलिबॉस्ट्रिकस’ म्हटलें, मादीला ‘सॅकोनिरीस’. आईबाप व अपत्य मिळून एका कुटुंबाच्या तीन प्रजाति झाल्या होत्या. येथें दृढरोमांनीं खोटी साक्ष दिली असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें सांगितलें. आयुष्याचा उरलेला भाग कोणी पाहिलेला नव्हता.

वाळूच्या दोन कणांच्या मधल्या पाण्यांत राहणारे आणखी बारीक कृमि आहेत. ‘प्रोटोड्रिलस’, ‘डायनोफायलस’ यांसारख्या कित्येकांना पार्श्वपाद नाहींत व रोमहि नाममात्र किंवा मुळींच नाहींत. इतके साधे, म्हणून हेच सर्व वलयी प्राण्यांचे पूर्वज असावे, असें समजून १८७८ पासून त्यांना ‘आद्य वलयी’ असा मान मिळाला. पुढें दिसून आलें कीं हे पूर्वज नसून वंशजच आहेत. कोणी लहानपणींच वाढ थांबवून प्रौढ झाले, कोणी पिढ्यान् पिढ्या लहान होत आले, आणि अडचणीच्या जागेंत बिऱ्हाड केल्यावर पूर्वजांचें सामान त्यांनीं टाकून दिलें. ज्याच्याजवळ कांहीं नाहीं तो मुळापासूनच दरिद्री होता असें आपण सहज धरून चालतों.

गैरहजर साक्षीदाराचा सर्वांत मोठा खटला मात्र विसाव्या शतकांतला. डच लोकांच्या ‘सिबोगा’ नांवाच्या जहाजानें १८९९-१९०० सालीं ईस्ट इंडीज बेटांच्या खोल समुद्रांतून केसाएवढ्या बारीक नळ्या वर आणल्या. त्यांतल्या प्राण्याला तोंड नव्हतें, आंतडें नव्हतें. फ्रेंच शास्त्रज्ञ कॉलेरी यानें १९१४ सालीं त्याला ‘सिबोग्लिनम’ हें नांव दिलें, पण तो कोणाचा कोण हें त्याला सांगतां येईना. १९३३ सालीं रशियन शास्त्रज्ञ उशाकोव्ह यानें तशाच एका प्राण्याला तुऱ्याच्या नळीकृमींच्या कुळांत घातलें. तें इतरांस पटलें नाहीं, आणि १९३७ पासून या प्राण्यांना ‘पोगोनोफोरा’ म्हणजे दाढीवाले असें स्वतंत्र घर मिळूं लागलें. पुढें तर त्यांचा स्वतंत्र संघच झाला. पाठपोटाची ओळखहि न पटल्यामुळें नामांकित पंडितांनीं त्यांना कृमींपासून काढून तारामासे व पृष्ठवंशी यांच्या बाजूला नेऊन बसविलें. १९६४ सालीं वेब या शास्त्रज्ञाला नॉर्वेमधील प्राण्याचें एक अखंड शरीर पाहावयास मिळालें, आणि सर्व उलगडा झाला. आजपर्यंत प्रत्येक वेळीं प्राणी वर ओढतांना तुटत होता व त्याचें शेवटचें टोंक चिखलांतच राहत होतें. त्या टोंकाला वलयें होतीं, आणि प्रत्येक वलयावर दृढरोम होते! पन्नास वर्षें पंडित ज्या शरीरावरून वाद करीत होते तें शरीर अपुरें होतें. तरीहि निकाल लगेच फिरला नाहीं. १९७७ सालीं गालापागोस बेटांजवळ समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांशीं माणसाएवढे तांबड्या तुऱ्याचे नळीकृमि सांपडले, आणि १९८५ सालीं त्यांच्यासाठीं आणखी एक संघ काढण्यांत आला. अखेर १९९७ च्या सुमारास एकीकडे जनुकांवरून व दुसरीकडे राउज आणि फाउचाल्ड यांनीं केलेल्या शरीररचनेच्या छाननीवरून हे दोन्ही संघ मोडले. आज ते सारे केसाळ कृमींतलें ‘सिबोग्लिनिडी’ हें एक साधें कूळ आहे. संघपदावरून कुळाच्या पायरीवर उतरलेलें असें दुसरें घराणें प्राणिसृष्टींत क्वचितच असेल. उशाकोव्हचें अनुमान कांहीं अंशीं तरी बरोबर होतें.

जनुकांच्या वाचनानें पुढें घरचीच भिंत पाडली. गांडुळें आणि जळवा या केसाळ कृमींच्या बहिणी नसून त्यांच्याच पोटच्या आहेत असें ठरलें. म्हणजे ‘पॉलिकीटा’ हें ग्रूबचें नांव एका संपूर्ण वंशाचें नाहीं, लेकी वगळून उरलेल्या घराचें आहे. सोयीसाठीं आपण तें वापरतों इतकेंच. ज्याला एकहि दृढरोम नाहीं व वलयेंहि नाहींत असा ‘सायपंक्युला’ नांवाचा शेंगदाण्याच्या आकाराचा कृमि, ज्याचा स्वतंत्र संघ मानीत, तोहि वलयींच्याच घरांत आला. आणि भटके व बैठे? फाउचाल्डनें १९७७ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत ही विभागणी निव्वळ सोयीची म्हणून टाकून दिली होती, व ती कायमची गेली असें आम्ही सर्वजण धरून चाललों होतों. २०११ सालीं शेंकडों जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली, तींत बहुतेक कुळें दोन मोठ्या शाखांत पडलीं, आणि त्या शाखा पुष्कळशा जुन्या भटक्या व बैठ्यांशीं जुळल्या. कांहीं कुळें दोहोंच्याहि बाहेर, वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ राहिलीं, हें खरें. आणि गांडुळें-जळवा बैठ्यांत गेल्या, हें ओदुअँला चमत्कारिक वाटलें असतें. पण शोझेच्या खडकांवर ओहोटींत उकिडवें बसून पाहिलेली गोष्ट इतक्या वर्षांनीं अशी परत यावी याचा आम्हांस आनंदच झाला.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, हा प्रश्न वर्गांत दरवर्षीं विचारला जातो. उत्तर एका तांबूस, दोऱ्यासारख्या, दोन चार सेंटिमीटरांच्या कृमीकडे आहे. ऑटो फाब्रिशिअस हा डॅनिश मिशनरी ग्रीनलंडमध्यें राहून आला व १७८० सालीं त्यानें तेथील प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांत या कृमीची नोंद आहे. आज त्याला ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ म्हणतात. जेथें सांडपाणी सुटतें, जेथें चिखल काळा पडतो व इतर प्राणी मरतात तेथें हा अमाप वाढतो. म्हणून जगभरच्या बंदरांत घाणीची खूण म्हणून त्याला मोजतात. १९६९ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर वेस्ट फाल्मथजवळ तेलाची एक बार्ज फुटली, तेव्हांहि तो असाच उसळला. ग्रासल पतिपत्नींनीं ते कृमि प्रयोगशाळेंत वाढविले, त्यांचीं प्रथिनें तपासलीं, आणि १९७६ सालीं जाहीर केलें कीं हा एक कृमि नसून निदान सहा जाती आहेत. रोमांवरून त्या ओळखूं येत नव्हत्या. पण एकीचीं पिल्लें पाण्यांत तरंगत दूर जात, दुसरीचीं आईच्या नळींतून निघून तेथेंच वस्ती करीत. अंड्यांचा आकार निराळा, प्रजननाचा ऋतु निराळा. घाणीला प्रत्येक जात निराळें उत्तर देत असेल, तर सर्वांना एका नांवाखालीं मोजून बंदराची प्रकृति सांगणारा वैद्य कोणाची नाडी पाहतो आहे? २००९ सालीं ग्रीनलंडमधून नवे नमुने आणून फाब्रिशिअसच्या जातीचें पुन्हा वर्णन झालें व तें नांव त्या थंड प्रदेशापुरतें राखावें असें ठरलें. ग्रासल यांच्या सहांपैकीं पहिलीला त्याच वर्षीं ‘कॅपिटेला टेलेटा’ हें निराळें नांव मिळालें.

आपल्या किनाऱ्याचें काय? भारतीय बंदरांच्या अहवालांतहि ग्रीनलंडच्या त्या कृमीचें नांव वर्षानुवर्षें छापलें गेलें आहे. आपल्याकडील केसाळ कृमींची शिस्तवार नोंद प्रथम कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममुळें झाली. चिलिका सरोवरांतल्या कृमींवर सदर्न या आयरिश शास्त्रज्ञानें १९२१ सालीं निबंध लिहिला, आणि १९३२ सालीं म्यूझियमचा सर्व संग्रह फ्रान्समधील आंजे येथील प्राध्यापक पिएर फोव्हेल यानें तपासला. १९५३ सालीं अलाहाबादेस छापलेला त्याचा हिंदुस्थान, पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश व मलाया यांच्या कृमींवरचा ग्रंथ अजून आमच्या प्रयोगशाळांच्या टेबलांवर असतो, आणि तसें पुस्तक पुन्हा झालें नाहीं. फोव्हेलनेंच १९२३ व १९२७ सालीं फ्रान्सच्या कृमींचे दोन खंड लिहिले होते, एक भटक्यांचा, एक बैठ्यांचा. त्याच्या काळची समजूत अशी कीं समुद्र एकच असल्यामुळें कृमीहि जगभर तेच. म्हणून जरासें साम्य दिसलें कीं आपल्या चिखलांतल्या प्राण्याला युरोपच्या प्राण्याचें नांव मिळे. ‘मार्फायसा सँग्विनिया’ हा मुळांत दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावरून माँटेगूनें १८१३ सालीं वर्णिलेला कृमि. आपल्याकडूनहि त्याची नोंद झाली, ऑस्ट्रेलियांतूनहि झाली, चीन-जपानांतूनहि झाली. २००३ सालीं हचिंग्स व त्यांच्या सहकाऱ्यानें इंग्लंडच्या किनाऱ्यावरील नमुना प्रमाण म्हणून नेमला व त्याच्याशीं ताडून पूर्व ऑस्ट्रेलियाचा कृमि निराळ्या जातीचा ठरविला. तेव्हांपासून जगांतल्या एकेका किनाऱ्याचा ‘सँग्विनिया’ असाच वेगळा निघत आहे.

यांत फोव्हेलचा दोष फार थोडा. त्याच्यासमोर बरण्या होत्या, समुद्र नव्हता. आमच्या मतें दोष असेल तर तो इकडच्यांचा, कीं त्या ग्रंथानंतर कितीतरी वर्षें आपण बरणींतला कृमि त्याच्या पानाशीं लावून पाहिला आणि जुळला नाहीं तरी जुळविला. आतां ती सोय राहिलेली नाहीं. जुने नमुने बहुतेक फॉर्मलिनांत घट्ट केलेले असतात, आणि त्यांतून जनुकें वाचणें फार कठीण. रोम त्यांच्या अंगावर आहेत, पण रोमांनीं ज्या गोष्टी सांगितल्या नाहींत त्या विचारावयाच्या तर मूळ नमुना ज्या जागीं सांपडला त्याच जागीं पुन्हा जावें लागतें. ‘मार्फायसा ग्रेव्हेलाय’ ही जात सदर्ननें १९२१ सालीं चिलिकेंतून वर्णिली. तिची जनुकें वाचावयाचीं असतील, तर ओडिशांत जाऊन, त्याच सरोवराच्या कांठचा चिखल पुन्हा चाळणींत धुतला पाहिजे.